पोटरी दुखतेय? आधी टेप लावा: प्लास्टर, प्रवास आणि रक्ताची गुठळी

प्लास्टरमधून बाहेर आलेला पाय बारीक दिसतो. चार-पाच आठवडे न हललेली पोटरी वाळते, कातडी कोरडी पडते, दोन्ही पाय शेजारी ठेवले की फरक लगेच डोळ्यांत भरतो. माझा पाय बारीक झाला नव्हता. तो दुसऱ्यापेक्षा जाड होता, आणि ते विचित्र आहे हे मला आठवडाभर कळलं नाही.

२०२३ च्या डिसेंबरात नागपुरात सेमिनरी हिल्सच्या उतारावर पळताना पाय मुरगळला आणि घोट्याच्या हाडाला बारीक तडा गेला. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन हातची गेली. गुडघ्याखाली प्लास्टर लागलं. चौथ्या आठवड्यात भाचीचं लग्न होतं पुण्याला. बैद्यनाथ चौकातून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. जाताना चौदा तास, दोन दिवसांनी येताना तेवढेच. कुबड्या घेऊन ढाब्यावर उतरायचं जिवावर आलं होतं म्हणून पाणीही मुद्दाम कमी प्यायलो. परत आल्यावर आठवड्याने प्लास्टर कापलं, आणि चार दिवस घरात चाललो तर पोटरी ठणकायला लागली. ओळखीचे एक मालीशवाले आले. हात लावून म्हणाले, "भाऊ, नस दबून राहिली तुमची. दोन बैठकीत मोकळी करतो." तिळाचं तेल कोमट करून त्यांनी पोटरी चांगली रगडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने शिलाईच्या डब्यातली टेप आणली. "अहो, महिनाभर बसलेला पाय जाड कसा?" डावी पोटरी ३५ सेंटिमीटर, प्लास्टरची उजवी साडेअडतीस. संध्याकाळी पायाच्या शिरांची डॉप्लर सोनोग्राफी झाली. गुडघ्यामागच्या मोठ्या शिरेत गुठळी होती.

हा लेख तुमच्यापैकी जे नुकतेच पळायला, सायकलला, ट्रेकला किंवा जिमला लागले आहेत आणि पहिल्यांदाच जायबंदी होऊन घरी बसले आहेत त्यांच्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही. औषध घ्यायचं की नाही, कोणतं आणि किती दिवस, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचणं आपल्या हातात असतं आणि आपल्यासारखी फिट माणसं नेमकी तिथेच चुकतात. कारण आपल्याला दुखणं अंगावर काढायची सवय असते. पोटरी दुखली की आपल्याला स्नायू आठवतो, शीर आठवत नाही.

आधी थोडं समजून घ्या

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम मोठ्या प्रमाणात पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमध्ये झडपा असतात, त्यामुळे ते परत खाली येत नाही. पाय हलला नाही की हा पंप बंद आणि रक्त साचून राहतं. रुडॉल्फ फिरशॉ या जर्मन डॉक्टरचं नाव ज्या तीन कारणांना जोडलं जातं ती आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात: रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणं. माझ्या बाबतीत हाड मोडताना आजूबाजूला इजा झाली होती, शरीर ती भरून काढण्यासाठी रक्त गोठवण्याच्या तयारीत होतं, आणि त्यावर प्लास्टर अधिक अठ्ठावीस तासांची बस. पायात अशी गुठळी झाली की डॉक्टर तिला डीव्हीटी म्हणतात. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जिवावर बेततं.

रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याला हे होत नाही, असा एक समज आहे. टेनिसपटू सेरेना विल्यम्सचं उदाहरण घ्या. २०१० मध्ये तिचा पाय फुटलेल्या काचेवर पडला, पायावर दोनदा शस्त्रक्रिया झाली, पाय बरेच आठवडे बांधलेला राहिला आणि २०११ च्या सुरुवातीला तिच्या फुप्फुसात गुठळी निघाली. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर तिला पुन्हा धाप लागली, तेव्हा तिने स्वतःच ओळखलं आणि नर्सला सांगितलं की सीटी स्कॅन करा. पहिल्या वेळेस शिकलेलं दुसऱ्या वेळेस कामी आलं.

पायरी १: स्वतःची बेरीज करा

हे तिकीट काढायच्या आधी करायचं काम आहे. एका कारणाने सहसा काही होत नाही, कारणं एकावर एक चढली की धोका वाढतो. कागदावर लिहून काढा: गेल्या तीन महिन्यांत ऑपरेशन झालंय का, पायाला प्लास्टर किंवा ब्रेस आहे का, आजारपणात अंथरुणावर पडून होतात का, वजन जास्त आहे का, सिगारेट ओढता का, कर्करोगाचे उपचार चालू आहेत का. स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात कुणाला गुठळी झाली होती का, हे घरच्या मोठ्यांना नीट विचारा. आपल्याकडे "आजोबांचा पाय सुजायचा" एवढंच सांगतात, पुढचं कुणी विचारत नाही.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे विशेष जपायचे. गर्भनिरोधक गोळ्यांपैकी ज्यांत इस्ट्रोजेन असतं त्यांनी धोका वाढतो. आणि इथे मला एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. लग्न, पूजा किंवा यात्रा आली की पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्याकडे सर्रास मेडिकलमधून, कुणालाही न विचारता आणतात. तीही हार्मोनचीच गोळी आहे. पायाला प्लास्टर असताना किंवा नुकतं ऑपरेशन झालेलं असताना, किंवा घरात कुणाला गुठळीचा इतिहास असताना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नका. मुलीला, सुनेला हे स्पष्ट सांगा. हा लाजायचा विषय नाही.

बेरजेत दोन किंवा जास्त गोष्टी आल्या तर प्रवासाआधी डॉक्टरांना एकच नेमका प्रश्न विचारा: "मी इतक्या तासांचा प्रवास करणार आहे, मला गुठळीचं इंजेक्शन किंवा गोळी लागेल का?"

पायरी २: घरी बसलेले दिवस

गुडघा किंवा खुबा बदलल्यानंतर रक्त पातळ ठेवायचं औषध काही दिवस ते काही आठवडे देतातच. साध्या प्लास्टरला मात्र सगळ्यांना देत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या एका मोठ्या अभ्यासात प्लास्टर घातलेल्या लोकांपैकी इंजेक्शन घेणाऱ्या १.४ टक्क्यांना आणि न घेणाऱ्या १.८ टक्क्यांना गुठळी झाली, म्हणजे सरसकट देऊन ठळक फरक दिसला नाही. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नाही म्हणून त्यांनी हलगर्जी केली असं समजू नका. पण शंभरात एक-दोन ही संख्या लहानही नाही, म्हणून लक्षणं पाठ हवीत.

घरी काय करायचं? प्लास्टरबाहेरची बोटं दर तासाला हलवा. मांडीचा स्नायू आवळून पाच आकडे मोजा आणि सोडा, असं दहा वेळा. परवानगी असेल तर पाय सरळ ठेवून उचला. चांगल्या पायाचं पाऊल वर-खाली करत राहा, त्यालाही बसून राहण्याची शिक्षा झालेली असते. पाय उशांवर, छातीपेक्षा थोडा उंच. डॉक्टरांनी कुबड्यांवर चालायला सांगितलं असेल तर चाला. "आराम कर, पाय जमिनीला लावू नको" असं घरातले प्रेमाने सांगतात, पण त्यांच्या प्रेमाने शिरेतलं रक्त हलत नाही. प्लास्टर आतून असह्य आवळतंय, बोटं बधिर किंवा निळी पडलीत, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. तो धोका वेगळा आहे, पण तितकाच तातडीचा.

पायरी ३: तिकीट काढताना

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं की चार तास किंवा त्याहून जास्त बसून प्रवास केला तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. विमान, रेल्वे, बस, कार, सगळ्यांना हे लागू आहे. दुप्पट ऐकून घाबरू नका. धडधाकट माणसाचा मूळ धोका फार कमी असतो, चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात साधारण सहा हजारांत एक. बेरीज मोठी असणाऱ्यांसाठी मात्र हा दुप्पटीचा हिशेब महत्त्वाचा.

नागपूरकराला तर कुठेही जायचं म्हटलं की लांबचंच. मुंबई समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर, पुणंही सातशेच्या घरात. पर्याय असेल तर मी बसपेक्षा रेल्वे निवडेन, कारण डब्यात उठून चालता येतं. बस घ्यायचीच तर स्लीपर घ्या, पाय लोंबकळत राहत नाहीत. पण स्लीपर म्हणजे सुटलो असं नाही. बर्थ आखूड असेल तर उंच माणूस गुडघे दुमडून रात्र काढतो, आणि झोपेत पोटरी हलत नाहीच. खालचा बर्थ मागा. रेल्वेत किंवा विमानात कडेची, वाटेलगतची सीट. स्वतःची कार असेल तर दर दोन तासांनी पाच मिनिटं थांबा. समृद्धीवर गाडी सुसाट जाते, "शिर्डीपर्यंत एका दमात जाऊ" असा मोह होतो. दम गाडीचा असतो, पाय तुमचे आहेत. थांबायचं ते मात्र पेट्रोल पंपावर किंवा नेमलेल्या थांब्यावर, रस्त्याच्या कडेला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं तर स्टॉकिंग्ज, म्हणजे पोटरीला दाब देणारे घट्ट मोजे घ्या, गुडघ्यापर्यंतचे. प्रवासासाठी साधारण १५ ते ३० एमएमएचजी दाबाचे सुचवतात. माप सकाळी, पाय सुजायच्या आत द्यायचं: घोट्याच्या वर सर्वांत बारीक भाग, पोटरीचा सर्वांत जाड भाग आणि टाचेपासून गुडघ्याच्या घडीपर्यंतची लांबी. अंदाजाने "मीडियम द्या" म्हणू नका. चुकीच्या मापाचा मोजा वर गुंडाळला जातो आणि दोरीसारखा आवळतो. मधुमेहाने पाय बधिर असतील किंवा पायाच्या धमन्यांत अडथळा असेल तर विचारल्याशिवाय घालू नका. आणि फक्त प्रवासापुरती गुठळी टाळायला म्हणून ॲस्पिरिनची गोळी मनानेच सुरू करू नका. तशी शिफारस नाही, आणि पोटात रक्तस्राव झाला तर दुसरंच निस्तरावं लागेल.

पायरी ४: गाडीत

मोबाइलवर दर अर्ध्या तासाचा गजर लावा, रात्रीचा व्हायब्रेटवर. गजर झाला की टाच टेकवून बोटं वर, मग बोटं टेकवून टाच वर. वीस-तीस वेळा. घोटा दोन्ही बाजूंनी गोल फिरवा. मी आता हे हाताच्या बोटांवर मोजत करतो, शेजारच्याला कळतही नाही. तास-दीड तासाने उभं राहता येत असेल तर राहा. पायाखाली बॅग कोंबून ठेवू नका, पाय पसरायला जागा हवी. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून तासन् तास बसू नका. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही टाळा, कारण त्यांनी माणूस एकाच कुशीवर सात तास निपचित पडतो.

पाण्याचं थोडं सविस्तर सांगतो. केवळ पाणी कमी प्यायल्याने गुठळी होते असं म्हणता येत नाही. पण प्रवासात पाणी टाळणारा माणूस लघवीला उठत नाही, आणि उठत नाही म्हणजे चालत नाही. बायकांचं तर विचारूच नका, रस्त्यावरच्या स्वच्छतागृहांच्या भीतीने त्या आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना हे आणखी वाईट. ताक, पन्हं, साधं पाणी, जे आवडेल ते घोट घोट घेत राहा. बसमध्ये चढतानाच कंडक्टरला किंवा ड्रायव्हरला सांगून ठेवा: "दादा, पायाचं दुखणं आहे, दोन ठिकाणी उतरावं लागेल." मी त्या रात्री हे एक वाक्य संकोचाने बोललो नाही.

पायरी ५: पोहोचल्यावर टेप

प्रवास संपला म्हणून धोका संपत नाही. पुढचे चार आठवडे तरी तो वाढलेला राहतो. म्हणून शिलाईची टेप. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाचं टेंगूळ हाताला लागतं, तिथून १० सेंटिमीटर खाली पेनाने खूण करा आणि दोन्ही पोटऱ्या त्याच उंचीवर मोजा. सकाळी, उभं न राहता, पाय सैल सोडून. टेप टेकली पाहिजे, रुतता कामा नये. बऱ्याच जणांच्या पोटऱ्यांत मुळातच थोडा फरक असतो, म्हणून धडधाकट असतानाचं माप आजच लिहून ठेवा. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक ही डॉक्टरांच्या हिशेबातही धोक्याची खूण आहे. प्लास्टर काढलेला पाय दुसऱ्याइतकाच भरला तरी मी शंका घेईन, कारण तो बारीक असायला हवा.

स्नायू ताणला गेला असेल तर बहुधा तो क्षण आठवतो: अमुक वळणावर खटकन झालं. दुखणं एका जागी असतं, ठरावीक हालचालीने वाढतं, दोन-चार दिवसांत उतरू लागतं. पोटरीला गोळा आला तर तो काही मिनिटांत सुटतो. गुठळीचं दुखणं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. एकाच पायाला सूज, ठणका, जडपणा, हात लावला तर दुसऱ्यापेक्षा गरम, रंग लालसर किंवा काळपट, आणि दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढतं. गंमत अशी की कधी कधी यातलं काहीच ठळक नसतं. माप सारखं आलं म्हणून गुठळी नाहीच असं धरू नका.

जिमवाल्यांनी आणि गोलंदाजांनी हातही लक्षात ठेवावा. खांद्यावरून जोर लावायच्या खेळात क्वचित काखेजवळच्या शिरेत गुठळी होते. एकच हात अचानक सुजतो, निळसर पडतो, जड होतो.

शंका असलेला पाय चोळू नका. तेल नाही, गरम शेक नाही, मालीशवाला नाही, मसाज गनही नाही. मला आजही त्या संध्याकाळची बैठक आठवली की पोटात गोळा येतो.

पायरी ६: शंका आली तर त्याच दिवशी

नुसता पाय असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. "सोमवारी दाखवू" नाही. तोंडाने नेमकं सांगा: "अमुक तारखेला प्लास्टर लागलं, अमुक तारखेला चौदा तास बस, एका पोटरीत साडेतीन सेंटिमीटर फरक. मला गुठळीची शंका वाटते." एवढं सांगितलं की पायाची डॉप्लर सोनोग्राफी सहसा लगेच होते. सुई नाही, दुखत नाही, जेल लावून शिरा दाबून बघतात. निरोगी शीर दाबली की मिटते, गुठळीची मिटत नाही. डी-डायमर ही रक्ताची चाचणी काहींना सांगतात, पण इजा किंवा ऑपरेशननंतर ती तशीही वाढलेली असते, त्यामुळे ती वाढली म्हणजे गुठळी आहेच असं नाही.

अचानक धाप, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, चक्कर किंवा भोवळ, विनाकारण छातीची धडधड, यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन, किंवा जवळ असेल ते आपत्कालीन विभाग असलेलं रुग्णालय: नागपुरात असाल तर मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, नाहीतर धंतोली-रामदासपेठेतलं एखादं मोठं रुग्णालय. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

पळणाऱ्यांची एक फसगत इथे होते. एरवी विश्रांतीच्या वेळी ज्याची नाडी पन्नास असते त्याची ऐंशी-पंच्याऐंशी झाली तर कागदावर ती "नॉर्मल" दिसते. ऑक्सिमीटरवर ९६ दिसतं. पण तुमच्यासाठी ते नॉर्मल नसतं. घड्याळातले मागच्या महिन्याचे आकडे डॉक्टरांना दाखवा आणि सांगा की एरवी मी दहा किलोमीटर पळतो, आज एक जिना चढून थांबावं लागलं.

पायरी ७: औषध आणि पुन्हा पळणं

रक्त पातळ ठेवायचं औषध साधारण किमान तीन महिने चालतं. पाय दोन आठवड्यांत हलका वाटायला लागतो आणि नेमकं तेव्हाच गोळ्या सोडायचा मोह होतो. सोडू नका. वॉर्फरिन ही जुनी गोळी असेल तर आयएनआर ही रक्ततपासणी ठरलेल्या दिवशी करा, बहुतेकांना तो २ ते ३ मध्ये ठेवतात. पालक-मेथी बंद करायची गरज नसते, प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं. एक आठवडा पातळभाजी आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं केलं की आकडा हलतो. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण वेळ चुकवून चालत नाही. अंग दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. काळी शौच, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार, यातलं काही झालं तर थेट दवाखाना.

चालणं बहुतेकांना लवकरच सुरू करायला सांगतात. मी पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, तिसऱ्या आठवड्यात जपानी गार्डनच्या बाजूला सकाळी वीस मिनिटं, आणि दोन महिन्यांनी परवानगीने फुटाळ्याच्या रस्त्यावर चालत-पळत. औषध चालू असेपर्यंत कबड्डी, फुटबॉल, कुस्ती आणि जिथे पडायची भीती आहे अशी सायकलिंग नको.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, डोस, सुरू झाल्याची तारीख, डॉक्टरांचा नंबर. औषध संपल्यावरही चिठ्ठी फेकू नका. दात काढायचा असो, गुडघ्याची दुर्बीण असो की मुलीचं बाळंतपण, जिथे नवीन डॉक्टर समोर येतील तिथे त्यांनी विचारायच्या आधी सांगायचं की मला, किंवा माझ्या घरात, पायात गुठळी झाली होती. माझ्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला दोन आकडे आहेत, डावी ३५, उजवी ३५.५. हे गेल्या महिन्यातलं माप. पुण्याला निघण्याआधी तेवढं मी बघून घेतो.